स्वस्त नाकाची साठ वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या स्वयंपाकघरांतून लाकूड आणि कोळसा मागे पडत गेला आणि प्रोपेनचे सिलिंडर आले. घरे बहुतेक लाकडाची, एकमेकांना खेटून उभी. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचून राहतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. घरे उडाल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. नाओयोशी तागुची या संशोधकाने याच काळात त्यावर उपाय शोधायला घेतला. सामान्य कुटुंबाला परवडेल, वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून राहील आणि वायू गळताच घंटा वाजवेल अशी वस्तू त्यांना हवी होती. १९६२ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६८ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ओसाकामध्ये 'फिगारो इंजिनिअरिंग' ही कंपनी उभी राहिली. अन्नाच्या सुगंधाशी या उद्योगाचा काही संबंध नव्हता. पण चहा, कॉफी, मासळी, फळे यांचा वास 'मोजणारी' जी स्वस्त उपकरणे पुढच्या काळात तयार झाली, त्यांतली बहुतेक याच घंटीच्या पोटी जन्मली.

तागुचींच्या आधी या कल्पनेची पूर्वतयारी झालेली होती. ट्रान्झिस्टरच्या शोधातले दोन भागीदार, वॉल्टर ब्रॅटन आणि जॉन बार्डीन यांनी १९५३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध केला. जर्मेनियमच्या पृष्ठभागाभोवतीचा वायू बदलला की त्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्मही बदलतात, असे त्यात दाखवले होते. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी होती. हवेतल्या दमटपणाने त्यांचा माल बिघडे, म्हणून ते तो डबीत बंद करून टाकत. जपानमध्ये क्युशू विद्यापीठातले तेत्सुरो सेइयामा यांनी तोच दोष उलटा वापरला. १९६२ मध्येच त्यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यावरून वायू सोडला आणि थराची विद्युतवाहकता किती बदलते ते मोजले. प्रोपेनच्या बाबतीत हा थर त्या वेळच्या प्रचलित शोधकापेक्षा जवळजवळ शंभरपट संवेदनशील ठरला. सेइयामांचा रोख प्रयोगशाळेकडे होता, तागुचींचा घराकडे. तागुचींनी निरनिराळी ऑक्साइडे तपासून टिन डायऑक्साइड निवडले, म्हणजे कथिलाचे ऑक्साइड. ते स्वस्त होते आणि सतत तापलेले राहूनही टिकत होते.

हा सेन्सर काम कसा करतो ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातच दडलेला आहे. बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी, तिच्यावर बारीक जाळी. आत चिनीमातीसारख्या ॲल्युमिनाची इवलीशी नळी, तिच्या पोटात तापणारी तार आणि अंगावर टिन ऑक्साइडचा लेप. तारेतून वीज सोडली की लेप दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापतो. या तापमानाला हवेतला ऑक्सिजन लेपाच्या कणांवर येऊन बसतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वीज वाहायला अडचण होते, रोध वाढतो. आता प्रोपेन, अल्कोहोल किंवा तसलाच ज्वलनशील वायू जाळीतून आत शिरला, तर तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झपाट्याने उतरतो. मोजायचा तो हा उतार, आणि त्यासाठी साधे मीटर पुरते.

यात एक मोठी उणीव होती. लेपावरचा ऑक्सिजन कोणी पळवला याची त्या लेपाला काहीच ओळख नसते. प्रोपेन आला तरी रोध उतरतो, मद्याची वाफ आली तरी उतरतो. जपानी स्वयंपाकात साके आणि मिरिन हे मद्याचे प्रकार सर्रास पडतात. ती वाफ उठली की गळती नसतानाही घंटा वाजे. अभियंत्यांनी या खोडीवर बरीच वर्षे खर्ची घातली. लेपात पॅलेडियमसारखे धातू किंचित मिसळून पाहिले, तापमान बदलून पाहिले, जाळीमागे कोळशाची गाळणी बसवली. सेन्सर एखाद्या वायूकडे जरा जास्त झुके, जरा कमी झुके. निव्वळ एकाचाच मात्र तो कधी झाला नाही.

वास मोजण्याचे स्वप्न याहून जुने. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९१४ साली वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थ्यांसमोर हा प्रश्न मांडला होता: प्रकाश मोजता येतो, आवाज मोजता येतो, मग वासाचे माप कुठे आहे? नवे शास्त्र काढायचे असेल तर हे क्षेत्र मोकळे आहे, असे त्यांनी त्या मुलांना सुचवले. चाळीस वर्षांनी, १९५४ मध्ये, हार्टमन या संशोधकाने प्लॅटिनमच्या तारेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड करून भाज्यांचा स्वाद झटपट अजमावता येईल का ते पाहिले. म्हणजे यंत्राने अन्नाचा वास घेण्याची सुरुवातच भाजीपासून झाली. १९६१ मध्ये मॉन्क्रीफ यांनी तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर निरनिराळ्या पदार्थांचे लेप दिले आणि असे सहा वेगवेगळे लेप एकत्र वापरले तर पुष्कळ वास वेगळे ओळखता येतील, असे मत मांडले. १९६४ मध्ये विल्केन्स आणि हार्टमन यांनी आठ विद्युतरासायनिक घट जोडून गंधेंद्रियाची नक्कल केली. कल्पना योग्य होती, पण आठ सुया एकदम हलू लागल्यावर त्यांतून अर्थ काढणार कोण? स्वस्त संगणक अजून यायचा होता. हे सगळे प्रयत्न जर्नलांच्या पानांत पडून राहिले.

१९८२ साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातले कृष्ण पर्सॉद आणि जॉर्ज डॉड यांनी 'नेचर' नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांनी बाजारात मिळणारे फिगारोचे तीन सेन्सर घेतले. तिन्ही अर्धवट, तिन्ही घोटाळा करणारे, पण प्रत्येकाचा घोटाळा वेगळा. एका वासाला पहिला सेन्सर जोरात दाद देई आणि दुसरा मंद. दुसऱ्या वासाला नेमके उलट. एकेका आकड्याकडे न पाहता त्यांनी त्या आकड्यांची आपसातली गुणोत्तरे पाहिली आणि वास वेगळे निघू लागले. त्यांचा मूळ हेतू यंत्र बनवण्याचा नव्हताच. सस्तन प्राण्यांचे नाक प्रत्येक वासासाठी स्वतंत्र कुलूप बाळगते का, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. त्यांचे उत्तर असे की त्याची गरज नाही. थोडे ढिले, एकमेकांच्या हद्दीत शिरणारे गंधग्राहक (रिसेप्टर) असले तरी वासांची वाटणी नीट होते.

ज्या दोषाविरुद्ध जपानी अभियंते वीस वर्षे झगडले, त्याच्याच आधारावर हा निबंध उभा होता. विज्ञानाच्या इतिहासात अशी वळणे फार नाहीत, आणि त्यासाठी या दोघांना मिळाले त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे होते असे मला वाटते. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधग्राहकांची जनुके शोधून काढली, पुढे त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात. एक वास अनेक ग्राहकांना जागे करतो आणि एक ग्राहक अनेक वासांना दाद देतो, हे नंतरच्या संशोधनातून दिसले. तीन बाजारू सेन्सरांवरून बांधलेला वॉरिकचा अंदाज मुळात बरोबर होता.

वॉरिकमध्येच ज्युलियन गार्डनर यांनी हे काम पुढे नेले आणि 'इलेक्ट्रॉनिक नोज' हे नाव रुळले. १९९१ मध्ये आइसलंडच्या रेक्याविक शहरात या विषयावर खास कार्यशाळा भरली. १९९२ मध्ये गार्डनर आणि सहकाऱ्यांनी टिन ऑक्साइडच्या बारा सेन्सरांनी कॉफीचे प्रकार वेगळे करून दाखवले. कॉफी हा अवघड नमुना होता. भाजलेल्या कॉफीच्या वासात शेकडो द्रव्ये असतात, त्यांतले कुठले एक पकडून कॉफी सांगता येत नाही. सगळ्यांचा मिळून जो ठसा उमटतो तोच ओळखावा लागतो, आणि तोपर्यंत तो ओळखण्याइतका समर्थ संगणक टेबलावर आला होता.

यानंतरची दहाएक वर्षे कंपन्यांची. इंग्लंडमधली 'अरोमास्कॅन', फ्रान्समधल्या तुलूझची 'अल्फा मॉस', कॅलिफोर्नियातली 'सिरानो सायन्सेस'. सिरानोच्या हातात धरण्याजोग्या यंत्रात काजळीमिश्रित प्लास्टिकचे बत्तीस सेन्सर होते. या काळावर लांबण लावण्यात अर्थ नाही. यंत्रे महागडी, मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडणारी, आणि त्यांच्याकडून अपेक्षा मात्र सर्वज्ञतेची. एकाच खोक्याने चीज, बिअर, मासळी, औषधे आणि रुग्णाचा श्वास अशा सगळ्यांची उत्तरे द्यायची. प्रत्यक्षात हवा दमट झाली की आकडे सरकत, सेन्सर जुना झाला की सरकत, आणि जानेवारीत शिकवलेले यंत्र जूनमध्ये परके होई. अरोमास्कॅनने पुढे नाव बदलून 'ऑस्मेटेक' केले आणि ती वैद्यकीय तपासण्यांकडे वळली. सिरानो २००४ मध्ये सुरक्षा उपकरणांच्या कंपनीने विकत घेतली. माझ्या मते चूक तंत्राची कमी आणि प्रश्नाची जास्त होती. टिन ऑक्साइडला 'हा वास कशाचा' असे मोघम विचारून चालत नाही. त्याला एकाच पदार्थाविषयी एकच नेमका प्रश्न विचारावा लागतो.

तसा प्रश्न विचारला गेला तो चहाच्या बाबतीत, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. आसाममधल्या तेजपूर विद्यापीठाचे मानवेंद्र भुयां आणि वॉरिकमधले रिताबान दत्ता, गार्डनर यांच्या गटाने २००३ मध्ये चहाच्या पाच नमुन्यांवरचे काम प्रसिद्ध केले: कुठला कमी आंबलेला, कुठला जास्त भाजलेला. त्यानंतर कोलकात्याची सी-डॅक संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी हा विषय थेट चहाच्या कारखान्यात नेला.

काळा चहा तयार होताना सर्वांत नाजूक टप्पा असतो तो आंबवणीचा. सुकवलेली पाने कुस्करून पसरतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचा रंग हिरव्याचा तांबूस होत जातो. सुरुवातीला कापलेल्या गवतासारखा उग्र हिरवा वास येतो. मग तो मावळतो आणि फुलासारखा गोडसर वास चढतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो. चहावाले या दोन चढांना 'फर्स्ट नोज' आणि 'सेकंड नोज' म्हणतात. दुसऱ्या चढाच्या माथ्यावर पाने भट्टीत गेली पाहिजेत. लवकर गेली तर चहा कच्चा आणि तुरट, उशीर झाला तर वास विरून जातो. घड्याळावर विसंबता येत नाही, कारण पानाची जात, तोडणीचा हंगाम, त्या दिवशीची उष्णता आणि दमटपणा यांप्रमाणे ही वेळ बदलते. म्हणून अनुभवी माणूस ठरावीक वेळाने पसाभर पाने उचलून नाकाशी धरतो. रात्रपाळीला, सर्दी झालेली असताना, हंगामाच्या गर्दीत तोच माणूस तोच निर्णय घेत असतो आणि हजारो किलो मालाची किंमत त्याच्यावर ठरते.

नबारुण भट्टाचार्य, राजीव बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला एवढेच विचारले: दुसरा चढ आला का? त्यांच्या वर्गीकरणाच्या कामात फिगारोचे पाच सेन्सर होते. त्यांतला एक टीजीएस-२६१०, म्हणजे घरगुती एलपीजीची गळती ओळखण्यासाठी विकला जाणारा. दुसरा टीजीएस-२६११, मिथेनसाठीचा. तिसरा सिगारेटच्या धुरासारख्या हवेतल्या प्रदूषणासाठीचा. चहासाठी मुद्दाम घडवलेला एकही नाही. तरी आंबवणीच्या वासाचा चढउतार त्यांच्या आलेखावर उमटला. तयार चहाच्या बाबतीत यंत्राचे आकडे टी-टेस्टरने दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले गेले. २००७-०८ च्या सुमारास हे काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले. प्रोपेनच्या भीतीतून निघालेली वस्तू चहाच्या मळ्यात रुजली, आणि तीही अनुभवी माणसाच्या नाकाला गुरू मानून. टेस्टरने दिलेले गुण नसते तर त्या आकड्यांना काही अर्थच राहिला नसता.

मासळीचा इतिहास समांतर चालला. समुद्री मासा मेल्यावर त्याच्या अंगातल्या एका निरुपद्रवी द्रव्यापासून जिवाणू ट्रायमिथिलअमाइन तयार करतात. शिळ्या मासळीचा ओळखीचा वास तो हाच. नागासाकी विद्यापीठात या एका द्रव्यासाठी ऑक्साइडचे सेन्सर घडवले गेले, आइसलंडच्या मत्स्य प्रयोगशाळेत मासळीच्या ताजेपणासाठी 'फ्रेशसेन्स' नावाचे उपकरण तयार झाले. दोन्ही देश मासळीवर जगणारे. प्रश्न नेमका असायला हवा हे त्यांना फार समजावून सांगावे लागले नसेल.

यानंतर किंमत कोसळली. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात तागुचींच्या धर्तीचे 'एमक्यू' मालिकेतले सेन्सर ढिगाने बनू लागले: एमक्यू-२ धुरासाठी, एमक्यू-३ अल्कोहोलसाठी, एमक्यू-१३५ अमोनिया वगैरेंसाठी. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी 'आर्डुइनो' हा छोटा, सोपा संगणकी बोर्ड जन्मला आणि सेन्सरचे आकडे वाचणे शाळकरी पोराच्या आवाक्यात आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज एमक्यू-३ चे तयार मॉड्यूल दीडदोनशे रुपयांत मिळते. पाच व्होल्ट दिले की थोड्या वेळात त्याची टोपी हाताला कोमट लागते आणि पिकलेले केळे जवळ नेले की आकडा हलतो. मी हे पाहिले तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

त्याहून स्वस्त सेन्सरांसाठी तापणारी तारच सोडावी लागली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या टिमथी स्वॅगर यांच्या गटाने २०१२ मध्ये कार्बन नॅनोट्यूबला तांब्याचे संयुग जोडून फळे पिकवणारा इथिलीन वायू ओळखणारा सेन्सर तयार केला. सेन्सर पंचवीस सेंटचा आणि संदेश पाठवणारी चकती पंचाहत्तर सेंटची, असा त्यांचा अंदाज होता. फळांच्या खोक्याला चिकटवण्याजोगा. २०१९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले फिरात गुदेर आणि सहकारी यांनी साध्या कागदावर कार्बनच्या रेघा उमटवल्या. कागदात मुळातच थोडी ओल असते. अमोनिया आणि ट्रायमिथिलअमाइन त्या ओलीत विरघळतात आणि वीज अधिक वाहू लागते. जो दमटपणा टिन ऑक्साइडचा वैरी, तोच येथे कामाला लावला. असा एक सेन्सर बनवायला दोन अमेरिकी सेंट लागतात. तो मासळी आणि चिकनवर वापरून पाहिला गेला आणि त्याला पाकिटावरच्या छापील तारखेचा पर्याय व्हायचे आहे. ती तारीख अंदाजाची असते आणि तिच्यापायी चांगले अन्न कचऱ्यात जाते.

आपल्याकडची स्थिती अशी आहे की तुकडे सगळे आहेत, जुळणी बाकी आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात वायुसेन्सरांच्या ऑक्साइड लेपांवर वर्षानुवर्षे काम झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासाची रासायनिक उकल केली: कैरीत नसलेली लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही द्रव्ये फळ पिकताना प्रकट होतात, देवगड, धारवाड आणि वापीच्या हापूसच्या वासात फरक असतो, हे त्यांनी दाखवले. मात्र त्यासाठी लागली ती लाखो रुपयांची गॅस क्रोमॅटोग्राफीची यंत्रे. ती बागायतदाराच्या पडवीत येणार नाहीत. दीडशे रुपयांचा सेन्सर येऊ शकतो.

दरवर्षी अभियांत्रिकीची किती तरी मुले 'फळ सडले की दिवा लागतो' असा प्रकल्प करतात. एका दुपारी एका केळ्यावर चाचणी होते, सादरीकरण होते आणि मॉड्यूल खणात जाते. माझी त्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना विनंती आहे की सेन्सर नवा असेल तर आधी किमान पूर्ण एक दिवस तापवत ठेवा, त्याच्याशेजारी तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर लावा. मग एकच फळ घ्या, हापूसच घ्या, एकच प्रश्न ठरवा आणि अढीतल्या पेट्यांवर अख्खा मोसम रोजच्या नोंदी ठेवा. वास घेऊन आंबा तयार झाला की नाही ते सांगणारा जाणता बागायतदार गाठून त्याचे मत प्रत्येक आकड्यासमोर लिहा. आणि त्या नोंदी सगळ्यांना वापरता येतील अशा खुल्या करा.